भासऱ्यांनी आणलेले दिवाळी पहाटचे पास

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई मला म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारख्याच एक बाई आहेत. खुर्चीत बसून घराबाहेर पडायला तयारच नाहीत. तुम्ही गाण्याला गेला होतात ना, ते त्यांना सांगाल का?" मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. त्या बाईंना द्यायचं की नाही ते माझी मुलगी रुपाली ठरवेल.

आधीच सांगते. गाणं ऐकून मी रडले, मन हलकं झालं, असं काही झालं नाही. त्या दिवशी मला फारसं काही वाटलंच नाही. आजारपणापासून बऱ्याच गोष्टींचं तसंच आहे. पण एका माणसाला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती त्या दिवशी सांगून झाली.

*

मी कळमन्याच्या बाजारात संत्री छाटायला जायची. पोतं टाकून बसायचं, पुढ्यात ढीग. मोठी फळं एका अंगाला, बारीक दुसऱ्या अंगाला, डागी वेगळी. दिवसभर पाठ वाकलेली. पाठ दुखायची, पण तिथं सगळ्याच बायांची दुखते. मी तेल चोळायची आणि जायची. संध्याकाळी अंगात कणकण यायची, ती मी घरी सांगितली नाही. पुढे पुढे चालताना पायातली चप्पल निघून जायची आणि मला कळायचं नाही. मागून येणारी बाई ओरडायची, "पुष्पे, तुही चप्पल मागंच राह्यली वं! कोणासाठी ठेवून राहिली?" आणि आम्ही सगळ्या हसायचो.

असे सहा-सात महिने गेले.

आमचं घर दोन भावांचं, अंगण एक. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माझे भासरे, म्हणजे आमच्या ह्यांचे मोठे भाऊ. जाऊबाई वारल्या, मूल नाही, जेवण आमच्यातच. आमच्याकडे भासऱ्यांचा मान पाळतात. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही, त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही. तेही बोलत नाहीत. आत यायच्या आधी खाकरतात. भाजी तिखट झाली तर रुपालीला म्हणतात, "तुह्या मायले सांग, मिरच्या सस्त्या झाल्या वाटते." मी रुपालीला म्हणते, "मोठेबाबाले सांग, दही आहे." तिघं एकाच खोलीत असतो. तेव्हा लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण त्यांचा एक शब्द थेट माझ्याकडे आला नव्हता, माझा त्यांच्याकडे गेला नव्हता. भांडण कधीच नव्हतं.

ते भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. गुरुवारी मंडळ, बाकीचे दिवस अंगणात एकटे. मी भाकरी थापायची तेव्हा भिंतीपलीकडून खंजिरी ऐकू यायची. माझ्या थापा तिच्या ठेक्यात पडायच्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

त्या सकाळी मी न्हाणीत कपडे धूत होते. उठायला गेले आणि आडवी झाले. बादली उलटली. पुन्हा उठायला गेले तर कमरेखाली काही हललं नाही. हे गाडी घेऊन गेले होते, त्यांचा मालवाहू ऑटो आहे. रुपाली कॉलेजात. घरात फक्त भासरे होते.

बादलीचा आवाज त्यांनी ऐकला. पावलं न्हाणीच्या दारापर्यंत आली. खाकरले. मग रिकाम्या घराला विचारल्यासारखे म्हणाले, "कोणी आहे का?"

दार नुसतं लोटलेलं होतं. माझी साडी ओली होऊन गुडघ्यावर गेली होती. मी काय केलं, तर पडल्या पडल्या पदर ओढून डोक्यावर घेतला. आणि गप राहिले. आवाज दिला नाही.

ते थोडा वेळ थांबले. पुन्हा खाकरले. मग पावलं लांब गेली. कुणी बाईमाणूस आणायला ते गेले होते. शेजारच्या घराला कुलूप होतं, पुढच्या घरी म्हातारी एकटी होती. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दोन बाया घेऊन आले. तोवर अर्धा तास झाला असेल. फरशी थंड होती. कमरेच्या वर मला ती थंड लागत होती, खाली लागत नव्हती. ती रेघ कुठे आहे ते मी हातानं चाचपत होते.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी टाचणी घेऊन पायाला टोचलं. "इथं टोचतं?" नाही. "इथं?" नाही. बेंबीपर्यंत आले तेव्हा टोचलं. मणक्याचा टीबी निघाला. ऑपरेशन झालं, गोळ्या दीड वर्ष चालल्या. टीबी गेला. पाय आले नाहीत.

निदान सांगितलं त्या दिवशी डॉक्टर ह्यांना म्हणाले, "आणायला उशीर केलात." त्यांना महिन्यांचा उशीर म्हणायचा होता. भासरे दाराशी उभे होते. त्यांनी तो अर्ध्या तासाचा उशीर समजला. मी खाटेवरून पाहिलं, त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

वॉर्डात सकाळी पाचला झाडूचा आवाज यायचा, मग चहाची गाडी, मग चादरी. दर दोन तासांनी कूस बदलायची. ते काम आधी हे चुकवायचे, म्हणायचे, "दुखवलं तर?" मी म्हणायची, दुखत नाही, तेच तर झालंय. एकदा आम्ही त्यावरून भांडलो, तेही हळू आवाजात, कारण बाजूच्या खाटेवरची बाई ऐकत होती. एक आया होती. तिनं एका दुपारी न सांगता माझे केस धुतले, खाटेच्या कडेला डोकं काढून, खाली बादली ठेवून. डोक्याला पाणी लागलं ते सगळं कळलं. दवाखान्यातल्या त्या दोन महिन्यांत चांगलं काय होतं असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन.

घरी आले तर अंगण गप होतं. रुपालीनं सांगितलं, "मोठेबाबांनी खंजिरी पेटीत टाकली. मंडळातबी नाही जात."

मी व्यायामाच्या ताईंना विचारलं, त्या दिवशी अर्धा तास आधी आणलं असतं तर पाय राहिले असते का? त्या म्हणाल्या, "नाही काकू. मणक्यातल्या नसांवर दाब कित्येक महिन्यांपासून पडत होता. अर्ध्या तासानं काही झालं नाही."

हे भासऱ्यांना कळायला हवं होतं. आणि हेही, की मी शुद्धीत होते आणि मीच आवाज दिला नाही. मी ह्यांच्याकडून निरोप दिला. हे येऊन म्हणाले, "दादा आयकूनच नाही राहिला." रुपालीकडून दिला. भासरे तिला म्हणाले, "तुही माय माहं मन राखून राहिली." तो निरोप दुसऱ्याच्या तोंडून पोचत नव्हता. आणि मी स्वतः तर बोलू शकत नव्हते. दोन वर्षं हे असंच राहिलं. मी दवाखाना सोडून कुठे गेले नाही, ते मंडळात गेले नाहीत.

*

मग त्यांनी पास आणले. दिवाळीत पहाटे मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम असतो, मंडळातल्या कुणी चार पास दिले. त्यांनी ते रुपालीच्या हातात ठेवले आणि मी तिथंच असताना म्हणाले, "तुह्या मायले विचार, येते का. नाही म्हणन तर जोर नको करू."

मी हो म्हटलं. गाण्यासाठी म्हटलं नाही. दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काही विचारलं होतं.

जायचं म्हणजे काय ते ज्या खुर्चीत बसतात त्यांनाच कळेल. मला दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. मैदानावर ते कुठे करणार? म्हणून मी आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायले नाही. ही चूक तुम्ही करू नका. मला नंतर आठवडाभर ताप आणि जळजळ झाली, ताई रागावल्या. निघायच्या आधी नळी घालून मोकळं व्हावं, वर पॅड बांधावं, पण पाणी प्यावं. खुर्चीत जाड गादी घ्यावी. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलावं, नाहीतर जखम होते आणि आपल्याला कळत नाही.

ह्यांच्या गाडीच्या मागच्या भागात फळी लावून खुर्ची चढवली आणि दोरीनं बांधली. एरवी तिथं संत्र्यांचे क्रेट असतात. रुपाली माझ्याजवळ खाली बसली, पलीकडे भासरे. रस्त्यावर थंडी होती. भासरे म्हणाले, "रुपाली, तुह्या मायच्या पायावर शाल टाक." माझ्या पायांना थंडी कळत नाही. तरी शाल टाकली.

*

मैदानाच्या फाटकाला लोखंडी नळ्यांची वाकडी वाट होती. जनावरं आत जाऊ नयेत म्हणून असते तशी, माणूस दोन वळणं घेऊन जातो. खुर्ची जाईना. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, रुपालीला विचारलं, "ह्यांना चालताच येत नाही का थोडंसुद्धा?"

"चालता येत असतं तर खुर्ची हौसेनं आणली का गा?" हे म्हणाले.

"तसं नाही काका. मागचं गेट आहे, पण चाबी साउंडवाल्याकडं, अन् साउंडवाला सापडून नाही राहिला."

भासरे दोन हात लांब उभे राहिले, तोंड फाटकाजवळच्या कडुनिंबाकडे करून. ह्यांनी मला खुर्चीतून उचललं आणि त्या वळणांतून आडवं धरून नेलं, रुपालीनं खुर्ची मिटवून नळ्यांवरून पलीकडे घेतली. मागचे लोक थांबले होते. एक बाई म्हणाली, "सांभाळून हो, नवरी पडन." लोक हसले. वाईट मनानं नव्हतं. मी पदर तोंडापर्यंत ओढून घेतला. दुसऱ्या वळणावर ह्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. त्यांची कंबर धरली होती. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पाय मुडपला."

आत मधल्या वाटेत खुर्ची ठेवू देईनात, तिथून पाहुणे जाणार होते. अगदी कडेला, स्पीकरच्या थप्पीशेजारी ठेवली. तिथून गाणारी बाई दिसत नव्हती. तबलेवाल्याचं एक कोपर दिसत होतं. शेजारच्या खुर्चीतली बाई रुपालीला म्हणाली, "कायले आणलं वं हिले इतक्या थंडीत? घरी टीव्हीवर नसतं दिसलं?" मग एक मुलगी कागदी कपात चहा घेऊन आली आणि रुपालीलाच विचारलं, "आई चहा घेतील का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खुर्चीत बसल्यापासून सगळेच माझ्याशी भासऱ्यांसारखे बोलतात, मधल्या माणसाकडून. भासऱ्यांचं कारण मला माहीत होतं. ह्या लोकांचं माहीत नव्हतं.

"आई नाही घेत," रुपाली म्हणाली. मला चहा हवा होता, पण लघवीची भीती.

*

गाणी सुरू झाली. उजाडत होतं. गाणी ओळखीची होती, लोक माना डोलावत होते. मी वाट पाहत होते की मला काही होईल. बाजारात रेडिओ लागायचा तेव्हा ह्यातलंच एखादं गाणं ऐकून अंगावर काटा यायचा. तो आला नाही. गाणं कानात येत होतं आणि तिथंच थांबत होतं. मी पंधरा मिनिटं झाली की अंग उचलायची, पुन्हा बसायची. शेजारच्या बाईला वाटलं मला दिसत नाही म्हणून मी उंच होतेय. तिनं आपली खुर्ची थोडी सरकवली. मग माणूस म्हणून बरी वाटली.

ढोलकी आली तेव्हा स्पीकरमुळे खुर्चीचं लोखंड थरथरू लागलं. हाताला कळत होतं. खाली पाहिलं तर पायपाटावर माझी बोटंही थरथरत होती, जोडवी हलत होती. डोळ्यांना दिसत होतं. पायांना माहीत नव्हतं. मी बराच वेळ ते पाहत बसले. काय वाटलं ते लिहिता येत नाही, कारण काही वाटलं नाही. नुसतं पाहिलं.

भासरे माझ्यापुढच्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर होते. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. ढोलकीला सगळ्यांच्या मांड्यांवर बोटं पडत होती, आमचे हेसुद्धा चुकत चुकत ताल धरत होते. भासऱ्यांनी दोन्ही हात काखेत धरून ठेवले होते. जसे कुणी बांधलेत.

शेवटी भजन होतं. गाणारी बाई म्हणाली, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवा. सगळं मैदान उठलं. माझ्यापुढे पाठीच पाठी झाल्या, कोट, शाली, साड्या. रुपालीही उठली, मग माझ्याकडे पाहून बसायला लागली. मी म्हटलं, "ऱ्हा उभी." त्या पाठींच्या मधून मला दिसलं, आणखी एक माणूस बसलेलं आहे. भासरे उठले नव्हते. सगळे उभे, आम्ही दोघंच बसलेले, एका उंचीवर. त्यांनी मान वळवली आणि आमची नजर मिळाली. माझा पदर खांद्यावर होता. हात चाकांवर होते, मी तो वर घेतला नाही.

एवढ्या आवाजात कुणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणून मला धीर आला. मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी मीच आवाज नव्हता देला."

माझे ओठ हलले ते त्यांनी पाहिलं. शब्द पोचले नाहीत. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा बोलू शकले नाही. मग लोक बसले.

*

कार्यक्रम संपल्यावर पुन्हा तेच फाटक. मागची चावी अजून सापडली नव्हती. गर्दी निघून गेली होती, स्वयंसेवक लांब खुर्च्या गोळा करत होते. हे मला उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. चेहरा घामानं भरला. रुपालीनं त्यांना धरून फाटकाच्या नळीला टेकवलं.

"मी त्या पोरांले बोलावतो," भासरे म्हणाले आणि निघाले. पाठ माझ्याकडे होती, पावलं लांब चालली होती. न्हाणीतून ऐकली होती तशीच.

"भाऊजी," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "नका जाऊ. तुम्ही उचला."

ते थांबले. ह्यांच्याकडे पाहिलं. हे नळीला धरून म्हणाले, "उचल गा दादा. मले नाही जमून राहिलं."

भासऱ्यांनी आधी खाकरून घेतलं. मग दुपट्टा रुपालीकडे दिला, वाकले आणि मला उचललं. एक हात पाठीमागे होता, तो मला कळत होता. दुसरा गुडघ्यांखाली होता, तो कळत नव्हता. त्यांचा श्वास जोरात चालला होता. पहिल्या वळणावर मी बोलले. त्यांच्या तोंडाकडे न पाहता, त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे पाहून.

"मी शुद्धीत होती. तुम्ही खाकरले ते मी आयकलं. मीच गप राह्यली, लाज वाटली म्हणून. अन् अर्ध्या तासानं काही नाही झालं. पाय पहिलेच गेले होते, व्यायामवाल्या ताई म्हणे."

ते चालत राहिले. दुसरं वळण आलं. माझा पदर खाली लोंबत होता, नळीच्या टोकात अडकला. ते म्हणाले, "रुपाली, तुह्या मायले सांग, पदर अटकून राहिला."

मी त्यांच्या हातांवर होते आणि निरोप रुपालीकडून येत होता. रुपाली हसायला लागली. तिला थांबवता येईना. हेही कंबर धरून हसले आणि "आई गं" म्हणाले. मी पदर सोडवला.

*

परत येताना ह्यांना बसून गाडी चालवता येत होती, पण चढायला-उतरायला आधार लागत होता. म्हणून रुपाली पुढे बसली. मागे मी आणि भासरे. आमच्या मध्ये कुणी नव्हतं.

कोवळं ऊन पडलं होतं, दारोदार रांगोळ्या होत्या. दोन चौक गेले. भासरे फळीवर हात ठेवून बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. मग त्याच दिशेला पाहत ते बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही.

"आवाज द्याले पाह्यजे होता."

"हो," मी म्हटलं.



*

ताईंनी सांगितलं त्या बाईंसाठी मी हे लिहिलं. गाण्याला जाऊन काय मिळतं, असं त्या विचारतील. मला गाणं मिळालं नाही. कदाचित पुढच्या वर्षी मिळेल, पाणी पिऊन गेले तर. भासरे अजून रुपालीकडूनच निरोप देतात. खंजिरी पेटीतून निघाली आहे, पण वाजवलेली नाही. चामडं सैल पडलंय, ऊन दाखवायला ओट्यावर ठेवतात.

परवा हे कामावर होते, रुपाली कॉलेजात. न्हाणीच्या उंबऱ्यात माझं चाक अडकलं, पुढे जाईना, मागे येईना. मी पदर सारखा केला.

मग आवाज दिला, "भाऊजी."

अंगणात ते खाकरले. मग पावलं ऐकू आली. ती जवळ येत होती.